एका यंत्राच्या दोन पाळ्या

योजनावाल्या साहेबांनो, तुम्ही कान तपासायच्या यंत्राला तोंड दिलंत. नुसता आवाज दिला असता तर निभलं असतं, पण तुम्हाला हौस. गोल चेहऱ्याची, टिकलीवाली, हसरी बाई पडद्यावर आणून बसवलीत, तिचं नाव स्वराताई ठेवलंत, आणि तिचे ओठ शब्दागणिक अचूक हलावेत म्हणून कुठले कुठले तज्ज्ञ कामाला लावलेत. आणि ही बाई पाठवलीत कुठं, तर इचलकरंजीला. जिथल्या माणसांनी मागांच्या खडखडाटात एकमेकांचे ओठ वाचून उभे संसार केले, त्यांच्या कानाची परीक्षा घ्यायला तुम्ही ओठ पाठवलेत. इथं येऊन एका तरी मागवाल्याशी बोलला असतात तर चहा पिता पिता कळलं असतं. तुम्ही आला नाहीत. सगळं गाव पास झालं. तुम्ही वेशीत कमान उभी केलीत, 'बहिरेपणमुक्त शहर', आणि त्या कमानीखाली उभं राहून एकमेकांना हार घातलेत.

त्या पास झालेल्यांतला एक सुकुमार मगदूम. ही गोष्ट त्याची, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या बायकोची, त्रिशलाची. तुम्ही ती वाचणार नाही, ठाऊक आहे. तरी सांगायची.

सुकुमारनं उमेदीची सगळी वर्षं साध्या मागावर काढली. त्याच शेडच्या कोपऱ्यात त्रिशला सुताच्या कांड्या भरायची. त्या शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून कुणी ओरडायचंच नाही. ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचं. लांबचं असलं तर हातानं सांगायचं. दोन बोटांची चिमूट सोडली की धागा तुटला. मनगट फिरवलं की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला. उताणा पंजा पालथा केला की पाळी बदलली, घरी चला. सुकुमारनं त्रिशलाला लग्नाचं विचारलं तेही असंच, चार मागांपलीकडून, नुसत्या ओठांनी. आवाज कुणालाच आला नव्हता, पण अख्ख्या शेडनं वाचलं, आणि जेवणाच्या सुट्टीत मागांची दुरुस्ती बघणाऱ्या दस्तगीर जॉबरनं दोघांना चहा पाजून त्रिशलाला विचारलं, "मग, होकार माज्याकडं द्यायचा का त्याच्याकडं?"

साधे माग पुढे भंगारात गेले. शेडच्या जागी गाड्यांचं शोरूम आलं. कान मात्र भंगारातून परत आले नाहीत. पन्नाशी गाठेपर्यंत दोघंही ठार बहिरी झाली होती. घरात तसं काही अडत नव्हतं. समोरासमोर बसायचं, ओठ बघायचे, झालं. दोघांची भांडणंसुद्धा शेजाऱ्यांना ऐकू जात नव्हती, फक्त हातवारे खिडकीतून दिसायचे.

अडलं ते सुकुमारला साखर निघाली तेव्हा. साखरेनं आधी उजवा डोळा नेला, मग डाव्यात धुकं उतरवलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की डावाही जाणार, आज नाहीतर उद्या. घरी येताना रिक्षात त्रिशलाच्या मनात एकच हिशेब चालला होता. याचे डोळे गेले की याला माझे ओठ दिसणार नाहीत. कान तर नाहीतच. मग हा माणूस जाणार कुठं? जिवंत माणूस स्वतःच्या अंगातच कोंडला जाणार, आणि मी बाहेर उभी राहून दार वाजवत बसणार.

त्याच सुमारास गेलेले कान परत आणायची तुमची योजना आली.

त्यातलं विज्ञान खोटं नव्हतं, हे कबूल करायला हवं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा. आवाजाची लाट आली की पिकातून वारा जावा तसे ते केस लवतात, आणि लवले की मागच्या नसेत बारीकशी वीज सुटते. ती वीज मेंदूत पोचणं म्हणजे ऐकणं. मागाच्या दणक्यानं हे केस मोडतात. कोंबडीचे मोडले तर पुन्हा उगवतात, माणसाचे उगवत नाहीत. दस्तगीरला हे कळल्यावर तो म्हणाला होता की देवानं कोंबडीवर एवढी माया का करावी, शेवटी रश्शातच जायची ना. नव्या औषधानं माणसाच्या कानात केस उगवणं साधलं. केसाळ पेशींना आधार देणाऱ्या साध्या पेशी शेजारीच झोपून असतात. कानाच्या पडद्यातून सुई घालून औषध सोडलं की त्या जाग्या होतात आणि स्वतःच केसाळ पेशी बनतात.

पण नवी पेशी उगवली म्हणजे काम झालं नाही. ती नसेशी जोडली गेली पाहिजे, आणि नस हलत्या पेशीलाच येऊन बिलगते. म्हणून सुईनंतर कानात एक यंत्र बसवायचं. ते बाहेरचा आवाज मोठा करतंच, शिवाय खाली एक मंद, तलम आवाज सतत पाझरत ठेवतं. प्रत्येक पेशीला तिच्या मापाचा. कान आतून काय पडसाद देतो ते ऐकून यंत्र आपला आवाज बदलत राहतं. योजनेच्या केंद्रातल्या मॅडम त्याला पोषक आवाज म्हणायच्या. जागेपणी तो मिळत राहिला तर वर्षाभरात जोडणी पक्की होते. मध्येच तुटला तर न जोडलेल्या पेशी काही आठवड्यांत मरून जातात. आणि दुसरी सुई चालत नाही, कारण झोपलेल्या पेशी एकदाच जागवता येतात. त्या संपल्या की संपल्या.

सुकुमारला हे पटकन समजलं. त्यानं त्रिशलाला समजावलं, "नवा बीम आला की जुन्या दोऱ्याच्या टोकाला नव्याचं टोक पिळून जोडतोय का न्हाई आपण? तसंच हाय हे. जोडणी होईस्तवर ताण सोडायचा न्हाई. सोडला की सगळा गुंता."

सुकुमारची सुई आधी झाली, डोळ्यांचं बघून त्याचा नंबर पुढं घेतला होता. त्रिशलाची पावसाळा संपल्यावर झाली. केंद्रातल्या मॅडम म्हणजे कान तपासणारी ऑडिओलॉजिस्ट ऋजुता देवस्थळी, नाशिककडची, तिशीही न गाठलेली मुलगी. यंत्र कसं पुसायचं, टोकाला साठलेला मळ बारीक ब्रशनं कसा काढायचा, रात्री ओल शोषणाऱ्या डबीत कसं ठेवायचं, तिनं तीनतीनदा करून दाखवलं. त्रिशला ते देवाच्या मूर्तीसारखं जपायला लागली.

आणि ऐकू येऊ लागलं. आधी कुकरची शिट्टी. मग दाराची कडी. एक दिवस सुकुमार जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "तुझा आवाज येवढा जाड कधी झाला गं?" त्रिशला हसली, आणि ते हसूही त्याला ऐकू गेलं. अजून शब्द सुटे होत नव्हते, नुसता आवाजाचा गोळा यायचा, पण येत होता. डोळा विझायच्या आत कान उघडेल, असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात तुमची परीक्षा आली.

आधी काचेच्या खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवायचे, ऐकू आली की बटण दाबायचं. ती पद्धत तुम्ही मोडीत काढलीत. शिट्ट्या ऐकून माणसाला काय उपयोग, शब्द कळले पाहिजेत, असं तुमचं म्हणणं. डोक्याला तारा चिकटवून मेंदूत वीज पोचते की नाही हे थेट बघायची सोयही होती, तिला वेळ लागतो म्हणून ती बंद केलीत. त्यांच्या जागी स्वराताई आली. दाराएवढा पडदा, त्यावर तिचा चेहरा. ती शब्द म्हणणार, माणसानं तो परत म्हणायचा. म्हणता आला तर कान बरा.

सुकुमार आत गेला. डाव्या डोळ्यात धुकं होतं, पण चेहरा केवढा मोठा. तो खुर्चीत पुढे सरकला. घागर, म्हणाली स्वराताई. घागर, म्हणाला सुकुमार. दोरा. दोरा. भाकरी. भाकरी. त्याला लबाडी करायची नव्हती. ओठ समोर असले की तो वाचणारच, तुम्ही अक्षर समोर असताना न वाचता राहून दाखवा. शिवाय कानाची परीक्षा पास व्हायची असते, हे त्याच्या हाडात मुरलेलं. कारखान्यात वर्षाकाठी तपासणी यायची, आणि जो नापास होईल त्याला दुसऱ्या दिवशी दिवाणजी सांगायचा की बाबा, घरी बस. म्हणून सगळेच पास व्हायचे, तपासणारा बटण दाबताना त्याचा खांदा हलतो तो बघून, बोट बघून. आयुष्यात पहिल्यांदा नापास होण्यात फायदा होता, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही.

जन्मभर ज्या नजरेनं भागवलं, तिच्यातली शेवटची उरलेली त्यानं कानाच्या परीक्षेत खर्च केली, आणि पहिल्या वर्गात पास झाला. त्रिशलाची सुई उशिराची, तिची परीक्षा अजून व्हायची होती, पण तिनं गल्लीत पेढे वाटले. दस्तगीरनं दोन घेतले, कारण तोही पास झाला होता. पेढा चघळत तो त्रिशलाला म्हणाला, "वहिनी, समदं गाव पास झालंय, आन् एकालाबी ऐकू येत न्हाई. आता बोला."

फाइल पूर्ण झाली म्हणून त्याच संध्याकाळी सुकुमारच्या यंत्रातला पोषक आवाज दुरूनच बंद झाला. यंत्र जमा करा, असा निरोप मोबाइलवर आला, आणि ते जमा करावं लागलं. दिवाळीनंतर डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि धुकंही गेलं, नुसता काळोख राहिला. इकडे कान मावळायला लागला. कडी गेली. शिट्टी गेली. त्रिशलाचा जाड आवाज पातळ होत होत विरला. ती त्याच्या तळहातावर शेडमधल्या खुणा करायची, बोटानं अक्षरं गिरवायची. ज. म्हणजे जेवण. एक शब्द लिहायला केवढा वेळ. सुकुमार हात पुढे करून तासन् तास बसायचा, कुणीतरी काहीतरी लिहील म्हणून. एकदा त्यानं विचारलं, बाहेर दिवस आहे का? आणि तिनं व्हय लिहिलं तरी त्याचा विश्वास बसेना, तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

त्रिशलानं तुमच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. बहिऱ्यांच्या योजनेची तक्रार फक्त आवाजी. समोरचं यंत्र काय विचारतंय ते तिला उमगेना, तिचं उत्तर त्याला उमगेना. शेवटी दस्तगीरच्या सुनेनं फोन घेतला. यंत्र म्हणालं, अभिनंदन, आपण बरे झालेले आहात.

ऋजुतानं मात्र तोंड फिरवलं नाही. तिनं कपाटातलं जुनं तारांचं यंत्र काढलं, सुकुमारच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. तपासणी चालू असताना पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट होती. मधल्या एका पट्ट्यात थोडी थरथर, बस. मग ती त्रिशलासमोर बसली, दिव्याकडं तोंड करून, सावकाश बोलली, म्हणजे ओठ दिसावेत. स्वराताईसमोर ते पुढे झुकले तेव्हाच मला शंका आली होती, म्हणाली. बाहेर रांग होती. मी सही केली.

तिनं तो आलेख वर पाठवला. उत्तर आलं की पूर्ण झालेल्या फाइलीत नवा पुरावा घेता येत नाही. आणि बरा झालेला रुग्ण पुन्हा बहिरा झाला तर तो नवा आजार. नव्या आजाराला नवी सुई लागते, आणि सुई आयुष्यात एकदाच मिळते. हे ज्यानं लिहिलं त्याचं नाव खाली नव्हतं.

"किती दिवस हायत?" त्रिशलानं विचारलं.

"ज्या पेशी जुळल्या नाहीत त्या महिनाभर तग धरतील. जुळत आलेल्या थोड्या जास्त. त्याच्या आत पोषक आवाज सुरू झाला तर वाचतील."

त्रिशलानं आपल्या कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे चालू हाय न्हवं? हे त्यांच्या कानात घाला."

ऋजुता नाही म्हणाली. यंत्र कान ओळखतं. कानाच्या पोकळीत बारीक आवाज सोडून परत काय येतं ते बघतं, आणि कुणाच्याही दोन पोकळ्या सारख्या नसतात. परका कान दिसला की कुलूप लागतं. शिवाय तुमचं काय होईल, तिनं विचारलं. तुमच्या पेशीही अर्ध्यातच आहेत. त्रिशला म्हणाली, "मला डोळं हायत." एवढं बोलून ती उठली.

चार दिवसांनी ऋजुतानं दोघांना बोलावून घेतलं. तिनं सुकुमारच्या कानासाठी साचा बनवला होता, मऊ रबराचा, आणि त्याच्या आत एक खोटी पोकळी, हुबेहूब त्रिशलाच्या कानाच्या ठशावरून काढलेली. यंत्र त्या पोकळीत आवाज सोडणार, तिलाच त्रिशला समजणार, आणि खरा आवाज बाजूच्या नळीतून सुकुमारच्या कानात जाणार. साचा देताना तिनं आधी दार लावून घेतलं. हे मी केलेलं नाही, म्हणाली, आणि तुम्ही मला ओळखत नाही.

सुकुमारला सांगितलं की तुमचंच यंत्र सरकारनं दुरुस्त करून चालू केलंय. हे त्रिशलानं त्याच्या तळहातावर लिहिलं. आयुष्यातलं तिचं सगळ्यात लांब खोटं, आणि ते एकेक अक्षर गिरवून सांगावं लागलं.

कडी परत आली. शिट्टी आली. मग एके सकाळी तो म्हणाला की पाखरं बोलतायत. तो दिवसभर पलंगावर बसून घर ऐकायचा. नळ, पायताण, भांडी. त्रिशला त्याच्यासमोर आली की ओठ बघून उत्तर द्यायची, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. तिचा कान मात्र मिटत चालला होता. तिला ते बाहेरून दिसायचं, जसं गाव सोडताना मागचं गाव बारीक होत जातं.

कळलं ते एका दुपारी. ती चुलीकडं तोंड करून पिठलं घोटत होती. सुकुमारनं पलंगावरून पाणी मागितलं. उत्तर नाही. रागावली असेल, त्याला वाटलं. पुन्हा मागितलं. तेवढ्यात मांजरानं फळीवरची पितळी परात पाडली. तो दचकून उठून बसला. केवढा आवाज, कानाला कळ आली. आणि त्या आवाजातून, त्याच्यानंतरही, पळी कढईत फिरण्याचा आवाज येत राहिला, तसाच, त्याच चालीत. एक क्षणही अडखळला नाही.

तो भिंत धरत चुलीपाशी गेला. तिच्या खांद्याला हात लावला तशी ती केवढ्यानं दचकली. त्यानं तिचा कान चाचपला. मग दुसरा. दोन्ही मोकळे.

"तुझं यंत्र कुठाय, त्रिशले?"

त्यानं आपल्या कानातलं यंत्र चाचपलं.

"माज्या कानात तुझं हाय."

"तुमास्नी दिसत न्हाई," ती म्हणाली. "मला दिसतंय. मी बघून भागवीन."

"आन् माजं डोळं गेलं तसं तुझंबी गेलं तर? तुलाबी साखर हाय. मला काय सांगतीस?"

तिनं कधी हा विचार केला नव्हता असं नाही. केला होता आणि गिळला होता. त्यानं यंत्र कानातून उपसलं आणि तिच्या हातात कोंबलं. तिनं ते परत त्याच्या कानाकडं नेलं. त्यानं तिचं मनगट धरलं. पिठलं करपलं तरी दोघं तशीच उभी, एक आंधळा आणि एक बहिरी, मधे बोटाच्या पेराएवढं यंत्र. शेवटी त्यानंच तिचा हात उताणा केला आणि त्यावर आपला पंजा आधी उताणा, मग पालथा ठेवला.

पाळी बदल.

मागाची माणसं, त्यांना दुसरं काय सुचणार? एका मागावर दोन पाळ्या, एक दिवसाची आणि एक रातीची, माग कधी थंड पडू द्यायचा नाही. आयुष्यभर तेच केलेलं. सुकुमार म्हणाला, रात मला दे, मला रात काय आणि दिवस काय. तो दिवसा झोपायला लागला आणि रात्रभर यंत्र घालून गच्चीत बसायला लागला, कुत्री, दूरचे कारखाने, दस्तगीरचं घोरणं ऐकत. दिवस उजाडला की यंत्र पुसून, साचा बदलून ती घालायची. ऋजुतानं कपाळाला हात लावला, अर्ध्या वेळात अर्धंच जुळेल म्हणाली, दोघांचंही अर्धं राहील कदाचित. पण थांबवलं नाही. चहाच्या वेळी पाळी बदलायची. तेवढा वेळ दोघं शेजारी बसायची. एकाला ऐकू यायचं, एकाला दिसायचं, आणि दोघांचं मिळून एक माणूस तरी पुरं व्हायचं.

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. माग रात्रंदिवस चालला तर मालक खूष होतो. कान रात्रंदिवस चालला तर तुम्हाला शंका येते.

यंत्र ओल शोषायच्या डबीत निजलंच नव्हतं. डबी ते मोजत होती, आणि वर कळवत होती. कुठल्यातरी पडद्यावर तुमच्या लक्षात आलं की त्रिशला मगदूम नावाची बाई दिवस-रात जागी आहे. केसाळ पेशींना जोडणी मिळाली की नाही हे बघायला तुमच्याकडं सवड नव्हती. हे बघायला होती. असाधारण वापर, असा शेरा पडला. चौकशी, मग ठपका. त्रिशलाची फाइल रद्द. यंत्राला कुलूप. आंधळा कान आणि डोळस कान एकाच दुपारी बंद झाले. ऋजुता देवस्थळीला केंद्रातून काढलं. जाताना ती घरी आली नाही, फक्त मोबाइलवर दोन ओळी पाठवल्या. दोघांच्या पेशी अजून जिवंत आहेत. हा महिना संपेपर्यंत.

मग बोलावणं आलं. केंद्रातल्या त्याच खोलीत, त्याच दाराएवढ्या पडद्यावर, या खेपेला स्वराताई नव्हती, तुमच्यातला एक साहेब होता. गळ्यात ओळखपत्र, पाठीमागे झेंडा. दस्तगीर सोबत आला होता, त्याला बाहेर थांबवलं. सुकुमार खुर्चीत बसला होता, तोंड भलत्याच भिंतीकडं. पडदा कुठं आहे हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

साहेब बोलू लागला. त्रिशला त्याचे ओठ वाचत होती. यंत्र एका कानासाठी दिलेलं असतं. ते दुसऱ्याला वापरायला देणं म्हणजे योजनेची फसवणूक. साचा कुणी बनवला ते सांगा, म्हणजे तुमची फाइल पुन्हा उघडायचा विचार करता येईल. तुमची. तुमच्या मालकांची नाही, ते बरे झालेले आहेत.

बरे झालेले. त्रिशलानं सुकुमारकडं पाहिलं. तो बरा झालेला माणूस हाताची बोटं मांडीवर पसरून बसला होता, कुणी काही लिहील म्हणून.

साच्याचं तिनं उत्तर दिलं नाही. ती उठली, सुकुमारची खुर्ची धरली आणि फिरवून बरोबर पडद्यासमोर आणली. त्याचा उजवा हात उचलून पुढच्या टेबलावर उताणा ठेवला. तळहातावर मागाचे जुने घट्टे अजून होते. सुकुमारला वाटलं चहा आला असेल, त्यानं बोटं जरा आकसली, मग पुन्हा पसरली.

"सायेब," त्रिशला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो खोलीत मावेनासा झाला होता. "ह्यांच्या कानात अजून जीव हाय. म्हयना सरला की न्हाई. यंत्र तुमच्या कपाटात हाय, किल्ली तुमच्याजवळ हाय. मी दुसरं काय इचारत न्हाई. चालू करणार का न्हाई करणार?"

साहेबाचे ओठ हलले. तिनं ते वाचलं. नियम, म्हणत होता तो. तिनं मान हलवली.

"मला नका सांगू. ज्याचं हाय त्याला सांगा. त्यांना तुमी दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. त्यांचा हात पुढं हाय. खाली उतरा, हितं या, आन् तुमच्या बोटानं त्यांच्या तळहातावर लिवा. व्हय, न्हाईतर न्हाई. आमी बसलोय. लिवा."